इलांग-इलांगचं तेल: बाटली उघडण्याआधी आणि उघडल्यावर

दोन वर्षांपूर्वी माझ्या डाव्या कानामागे रुपयाच्या नाण्याएवढा लाल चट्टा उठला. चार दिवस खाज, आणि चट्टा गेल्यावर राहिलेला काळपट डाग पुढे दोन महिने. कारण मीच. अत्तर लावतात तसं इलांग-इलांग या फुलाचं तेल बोटावर घेऊन थेट कातडीला लावलं होतं. बाटलीवर ‘१०० टक्के शुद्ध’ लिहिलेलं, आणि शुद्ध म्हणजे बिनधोक अशी आपली एक समजूत असते. या तेलाच्या बाबतीत उलटं आहे. जितकं शुद्ध, तितके थेंब मोजून.

तेव्हापासून मी या तेलाचा थोडा पिच्छा पुरवला. काय कळलं, आणि घरी ते आता कसं वापरते, ते सांगते. दुकानदार त्याला यलांग म्हणतात, बाटल्यांवर स्पेलिंगही तसंच असतं. मूळ फिलिपिन्समधल्या तागालोग भाषेतला उच्चार इलांग-इलांगच्या जवळचा. ‘फुलांचं फूल’ असा त्याचा अर्थ जाहिरातींत देतात, तो मनावर घेऊ नका. तागालोगमध्ये ‘इलांग’ म्हणजे रान.

झाड अनोळखी, कूळ ओळखीचं

शास्त्रीय नाव कनांगा ओडोराटा. नाव परकं वाटलं तरी झाडाचे भाऊबंद आपल्या अंगणातच आहेत: सीताफळ, रामफळ, हिरवा चाफा, आणि सोसायट्यांच्या कुंपणालगत शिपायांसारखे उभे असलेले ते उंच खोटे अशोक. सगळे एका कुळातले. ज्याने हिरवा चाफा हुंगला आहे त्याला इलांगची निम्मी ओळख आधीच झालेली असते. कळी हिरवी, बिनवासाची. फूल पिवळं पडायला लागलं की पिकलेल्या फळासारखा वास दरवळतो. इलांगचंही तसंच. सहा लांब, अरुंद, जरा पिळवटलेल्या पाकळ्या खाली लोंबत असतात, जणू कुणी पिवळा सुती कपडा पिळून दोरीवर टाकला आहे. पाकळीच्या बुडाशी लालसर ठिपका दिसला की फूल तयार झालं असं तोडणाऱ्या बायका ओळखतात.

झाड मूळचं फिलिपिन्स, इंडोनेशिया, मलेशिया या पट्ट्यातलं. फिलिपिन्समध्ये सांपागिताच्या माळेला खाली लटकन म्हणून इलांगचं फूल ओवतात आणि ती माळ देवाच्या मूर्तीला घालतात. सांपागिता म्हणजे आपला मोगरा. त्यांचं ते राष्ट्रीय फूल. इंडोनेशियात नवदांपत्याच्या पलंगावर याच्या पाकळ्या पसरायची रीत आहे. इलांगला ‘कामोत्तेजक’ म्हणून जे खपवतात त्याचं मूळ बहुधा या पलंगात आहे, प्रयोगशाळेत नाही.

तेलाचा धंदा एकोणिसाव्या शतकात मनिलाच्या आसपास सुरू झाला. पुढे रोपं हिंदी महासागरातल्या फ्रेंच बेटांवर गेली आणि धंदाही मागोमाग तिकडे सरकला. आज जगातलं बरंचसं तेल कोमोरोस बेटांवरून येतं, त्यातही आंजुआन बेटावरून, आणि काही मादागास्करच्या नोसी बे भागातून. अत्तरकार अर्नेस्ट बो यांनी १९२१ साली घडवलेल्या ‘शानेल नंबर ५’मध्ये इलांग आहे, आणि या तेलाची शान टिकून आहे ती मोठ्या प्रमाणात अशा अत्तरांमुळे.

एक गंमत आपल्या दिवाणखान्यातली. आमच्या आजीच्या सोफ्याच्या पाठीवर क्रोशाचे पांढरे रुमाल असायचे. ते कशासाठी, असं विचारलं तर ‘शोभेला’. व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये पुरुष केसांना मकास्सार तेल चोपडायचे; खोबरेलासारख्या तेलात इलांगसारख्या फुलांचा वास मुरवलेलं. त्याचे डाग खुर्च्यांच्या पाठींवर पडू नयेत म्हणून तिथल्या गृहिणींनी कापडं टाकली आणि त्यांना नावच पडलं अँटिमकास्सार. तेल गेलं, रुमाल राहिले.

एकाच भट्टीतली पाच तेलं

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी वाचा. बाटलीवरचे ‘एक्स्ट्रा’, ‘थर्ड’, ‘कम्प्लीट’ हे शब्द इथून येतात, आणि पैसे फुकट जातात तेही इथेच.

रानातलं झाड वीस मीटरच्याही वर जातं. मळ्यात त्याचा शेंडा छाटून फांद्या खाली वाकवतात, म्हणजे जमिनीवर उभं राहून फुलं तोडता येतात. तोडणी पहाटे सुरू होते आणि ऊन चढायच्या आत संपते, कारण वास उन्हाबरोबर उडायला लागतो. फूल दाबलं गेलं की काळं पडतं आणि तेलाचा दर्जा घसरतो, म्हणून टोपल्या गच्च भरत नाहीत. त्याच दिवशी फुलं भट्टीत, म्हणजे वाफेने तेल काढायच्या भांड्यात, जायला हवीत. शंभर किलो फुलांतून साधारण दोन किलो तेल मिळतं. गुलाबाशी तुलना केली तर ही चैनच. एक किलो गुलाबाच्या तेलाला तीन-चार टन पाकळ्या लागतात.

गुलाबाची भट्टी काही तासांत आटोपते. इलांगची मात्र पंधरा-वीस तास आणि कधी त्याहूनही जास्त चालते, आणि तेल टप्प्याटप्प्याने वेगळं काढतात. पहिल्या एक-दोन तासांत जे येतं ते एक्स्ट्रा: तीव्र, गोड, पिकल्या केळ्याची आणि जाईची आठवण देणारं. मग फर्स्ट, सेकंड आणि शेवटचे कित्येक तास थर्ड. टप्पा कधी बदलायचा हे घड्याळावर ठरत नाही, तेलाच्या घनतेवर ठरतं. सुरुवातीच्या तेलाची घनता जास्त असते, मग ती उतरत जाते. एक्स्ट्रात बेंझाइल ॲसिटेट, लिनलूल असे फुलांचा वास देणारे घटक भरपूर. थर्डमध्ये ते संपत आलेले असतात आणि जर्मॅक्रीन, कॅरिओफिलीन असे जड, लाकडी वासाचे उरतात. न तोडता सलग घेतलेल्या तेलाला कम्प्लीट म्हणतात, पण बाजारात पुष्कळदा वेगवेगळे टप्पे परत एकत्र करूनही तेच नाव देतात. याशिवाय जावाचं ‘कनांगा’ तेल मिळतं. ते याच झाडाच्या दुसऱ्या प्रकाराचं, वासाला भरड आणि स्वस्त.

इतके तास भट्टी पेटती ठेवायला लाकूड लागतं. कोमोरोससारख्या लहानशा बेटांवर त्याचा भार थेट जंगलावर पडला आहे. बाटलीच्या किमतीत हे कुठे दिसत नाही.

घेताना

कामाप्रमाणे टप्पा निवडायचा. मनगटावर लावायचं अत्तर करायचं असेल तर एक्स्ट्रा, आणि तेही पाच मिलीच घ्या, वर्षभर पुरतं. केसांचं तेल, अभ्यंगाचं तेल, डिफ्यूझर (खोलीत वास पसरवणारं विजेचं यंत्र) यांना कम्प्लीट उत्तम, आणि माझं मत विचाराल तर नवख्याने कम्प्लीटच घ्यावं. त्यात सुरुवातीचा गोडवा आहे आणि शेवटचा ठहरावही. साबण घरी करणाऱ्यांनी थर्ड घेतलं तरी चालतं. साबणाच्या कॉस्टिकमध्ये एक्स्ट्रा ओतणं म्हणजे केशर घालून वरण करण्यासारखं.

बाटली गडद काचेची हवी. लेबलवर शास्त्रीय नाव, देश, टप्पा आणि बॅच नंबर हवा. चांगला विक्रेता त्या बॅचचा जीसी-एमएस अहवाल, म्हणजे तेलात कोणते घटक किती आहेत याची प्रयोगशाळेतली तपासणी, मागितल्यावर देतो. तो वाचता आला नाही तरी मागा, मागण्यानेच बरंच काही कळतं. ‘फ्रेग्रन्स ऑइल’ लिहिलेलं असेल तर ते कारखान्यातलं मिश्रण आहे. वासापुरतं ते वाईट नाही, पण इथे दिलेली मापं त्याला लागू नाहीत.

मी एकदा ऑनलाइन ‘एक्स्ट्रा’ अशी बाटली घेतली, तीही दोन कोथिंबिरीच्या जुड्यांच्या भावात. आता हसू येतं. कोऱ्या कागदावर एक थेंब टाकला आणि तारीख लिहून ठेवली. आठवड्यानंतरही वडा ठेवल्यासारखा तेलकट डाग तसाच. साधं खाद्यतेल मिसळलेलं होतं. ही कागदाची परीक्षा तुम्हीही करा, फक्त घाई करू नका. इलांगमधले जड घटक सावकाश उडतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी हलकी खूण दिसली तर लगेच विक्रेत्यावर तुटून पडू नका. चार-पाच दिवस थांबा. आणि या परीक्षेत फक्त खाद्यतेलाची भेसळ पकडली जाते. एक्स्ट्राच्या नावाखाली थर्ड दिलं असेल तर कागद गप्प बसतो, तिथे नाकच हवं.

थेंबाचं गणित

पुस्तकी हिशोब असा की एक मिली म्हणजे वीस थेंब. पण प्रत्येक बाटलीचं ड्रॉपर निराळं. औषधाच्या दुकानातून एक मिलीची सिरिंज आणा, सुई टाकून द्या आणि एकदा मोजून पाहा. माझ्या बाटलीतून एका मिलीला सव्वीस थेंब पडले.

अंगाला लावायच्या मिश्रणात इलांग जास्तीत जास्त ०.८ टक्के असावं, अशी मर्यादा सुगंधी तेलांच्या सुरक्षिततेवर काम करणारे अभ्यासक सुचवतात. लॅव्हेंडरसारख्या तेलांना चालतं त्याहून हे खूपच कमी आहे. मी त्याच्याही खाली राहते आणि एकच नियम पाळते: दर दहा मिलीला एक थेंब. चहाचे दोन सपाट चमचे म्हणजे दहा मिली. यात साधारण अर्धा टक्का होतो आणि ड्रॉपर जाड थेंब सोडणारं निघालं तरी मर्यादा ओलांडत नाही. इतकं कमी? हो. वास येतो, काळजी नको.

मिश्रण आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघायचं. दहा मिनिटांत काही झालं नाही म्हणून खूश होऊ नका. ॲलर्जीचा चट्टा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही उठतो. ४८ तास थांबा. आणि आज सोसलं म्हणजे कायम सोसेल असंही नाही, वारंवार जास्त वापरलं की शरीर अचानक नाराज होतं. माझ्या कानामागचं बहुधा तेच. त्याआधी दोन-तीनदा काहीच झालं नव्हतं.

चेहऱ्याला हे तेल लावूच नका, पातळ करूनही नको. जपानमध्ये १९६० आणि ७०च्या दशकांत सौंदर्यप्रसाधनांमुळे बायकांच्या चेहऱ्यांवर काळसर डाग पडण्याच्या पुष्कळ केसेस झाल्या. त्वचारोगतज्ज्ञांना सापडलेल्या कारणांत इलांग आणि कनांगा तेलंही होती. कंपन्यांनी असे घटक काढल्यावर प्रकार कमी झाले. आपल्या सावळ्या वर्णावर असे डाग रेंगाळतात, हे मी स्वतःच्या कानामागे पाहिलं आहे. फेस सीरममध्ये दोन थेंब टाका असं सांगणारे व्हिडिओ दिसले की मला त्या डागाची आठवण येते.

घरातले उपयोग

*केसांचं तेल.* शंभर मिली खोबरेल कोमट करा, गॅस बंद करा, बोट बुडवता येईल इतकं निवू द्या आणि मग दहा थेंब. गरम तेलात टाकलं तर वास स्वयंपाकघरात राहतो, केसांत नाही. केस वाढतात का? याचा भरवशाचा पुरावा मला दिसलेला नाही. पण ज्यांना खोबरेलाचा वास नको असतो त्या घरातल्या कॉलेजकुमारीही डोकं पुढे करतात.

*दिवाळीचं अभ्यंग.* तिळाच्या तेलाचंही माप तेच, शंभर मिलीला दहा थेंब. इलांग एकटं जरा लाडावलेलं वाटतं, त्याला जमिनीवर आणायला वाळ्याचं तेल लागतं. मी सात थेंब इलांग आणि तीन वाळा घेते. उटण्यात आधीच कचोरा, नागरमोथा असेल तर इलांग निम्मं करा, नाहीतर वासांचं भांडण होतं. चेहरा साध्या तेलानेच चोळायचा.

*बादलीतली आंघोळ.* पाण्यात थेट थेंब टाकायचे नाहीत. तेल पाण्यावर तरंगतं आणि पहिल्या तांब्याबरोबर न पातळ झालेलं अंगावर येतं, नेमकं नाजूक जागी. हवंच असेल तर आंघोळीनंतर ओल्या अंगावर वर सांगितलेलं तयार तेल चोळा.

*मनगटावरचं अत्तर.* दहा मिलीची रोल-ऑन बाटली, त्यात जोजोबा किंवा बदामाचं तेल आणि एक्स्ट्राचा एकच थेंब. सोबत दोन थेंब चंदन मिळालं तर सोनं. आठवडाभर मुरू द्या; पहिल्या दिवशी फक्त केळं येतं, सातव्या दिवशी फूल.

*डिफ्यूझर.* शंभर मिली पाण्याला दोन थेंब इलांग, तीन थेंब संत्रं. वीस-तीस मिनिटं चालवा, मग बंद, आणि एक खिडकी उघडी. गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी उत्साहात आठ थेंब टाकले होते. शेजारच्या काकू वाण घेता घेता म्हणाल्या, “कुठे केळी पिकायला घातली आहेस का गं?” अर्ध्या तासात तिघींचं डोकं धरलं आणि हलव्याचे दागिने पाहायचे सोडून सगळ्या गच्चीवर. जास्त झालं की डोकेदुखी आणि मळमळ हा या तेलाचा ठरलेला दोष. विजेवर चालणाऱ्या कापूरदाणीत टाकायचं तर पाण्यात एक थेंब. ज्योतीवर किंवा निखाऱ्यावर तेल टाकू नका, ते पेट घेतं.

*साड्यांचं कपाट.* कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब, बोळा काडेपेटीच्या रिकाम्या खोक्यात, खोकं कोपऱ्यात. रेशमाला तेल लागता कामा नये, डाग जात नाही.

मन शांत होतं का, हे हमखास विचारतात. निरोगी माणसांवरच्या छोट्या प्रयोगांत वास घेतल्यावर रक्तदाब आणि नाडी थोडी उतरल्याचं दिसलं आहे. म्हणून बीपीची गोळी सोडायची नाही. आणि ज्यांचं बीपी मुळातच कमी असतं त्यांनी बंद खोलीत तासभर हा वास घेत बसू नये.

कुणी लांब राहावं

लहान मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, दमेकरी, इसब असलेले: यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पोटात कुणीच घेऊ नये, एक थेंबही नाही. घरात मांजर किंवा पिंजऱ्यातला पक्षी असेल तर डिफ्यूझर त्या खोलीत लावू नका. शुद्ध तेल अंगावर सांडलं तर आधी खोबरेलाने पुसा, मग साबणाने धुवा. नुसत्या पाण्याने ते पसरतं. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याची धार आणि थेट डॉक्टर.

घरच्या फुलांचं तेल

कोकण-गोव्याच्या दमट हवेत हे झाड खुशाल वाढतं आणि नर्सरीत रोपं मिळतात. कुंडीत लावायचं तर बुटकी जात मागा. जमिनीत लावलंत तर मळेवाल्यांसारखा शेंडा छाटत राहा, नाहीतर फुलं वर आणि तुम्ही खाली. भट्टी घरी जमणारी नाही, पण पॅसिफिक बेटांवरची पद्धत जमते. सामोआत याला मोसोओई म्हणतात, टोंगात मोहोकोई. फुलं खोबरेलात मुरवून ते तेल अंगाला आणि केसांना लावतात.

बुडाशी लाल ठिपका आलेली पिवळी फुलं सकाळी लवकर तोडा. सावलीत सुती कापडावर चार-पाच तास पसरा, मरगळू द्या. ही पायरी गाळली तर फुलातलं पाणी तेलात उतरतं आणि तेल आंबतं. माझी पहिली बरणी अशीच फेकावी लागली. कोरड्या काचेच्या बरणीत फुलं सैल भरा, ती बुडतील इतकं खोबरेल ओता. एक पाकळी वर राहिली तरी तिला बुरशी येते. चोवीस तासांनी गाळा, फुलं न पिळता, आणि त्याच तेलात नवी फुलं घाला. असं पाच-सहा वेळा. शेवटी बरणी रात्रभर हलवू नका. तळाशी पाण्याचा थेंब दिसला तर वरचं तेल अलगद दुसरीकडे काढा. थंडीत खोबरेल गोठलं तर बरणी कोमट पाण्यात ठेवा, उन्हात नको. हे तेल बाटलीतल्यापेक्षा कितीतरी सौम्य असतं, आणखी पातळ करावं लागत नाही, पण कोपराची परीक्षा याचीही करायची. दोन-तीन महिन्यांत संपवा.

विकतच्या बाटलीला झाकण घट्ट, जागा थंड आणि अंधारी हवी. खिडकीतल्या शोभेच्या रांगेत ती ठेवायची नाही. उघडल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहा. दोन वर्षांनी, किंवा वास आंबूस वाटला की त्याआधीच, अंगाला लावणं बंद. हवेने जुनं झालेलं तेल त्वचेला जास्त झोंबतं. माझी ती पहिली बाटली आता चपलांच्या कपाटात असते. महिन्यातून एकदा बोळ्यावर चार थेंब टाकते आणि हात साबणाने धुते.